बाबा, जी-कार्ड आणि अडकलेलं पार्सल

मागच्या सेमिस्टरला आमच्या प्रोजेक्ट ग्रुपचं एक पार्सल कस्टममध्ये अडकलं. शेन्झेनहून मागवलेले वाय-फायचे मॉड्यूल, सगळे मिळून किंमत अडीच हजार रुपये. कुरिअरवाल्यांचा मेसेज आला, केवायसी पाठवा. पाठवली. दुसरा मेसेज, वस्तूचं वर्णन नीट द्या. दिलं. तिसरा मेसेज, वायरलेस उपकरणाच्या मान्यतेचा कागद आहे का? इथे मात्र आमचा ग्रुप थंड पडला.

हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर सगळ्यांना एवढंच माहीत आहे की माझे बाबा 'कस्टममध्ये आहेत'. त्यामुळे रात्री साडेदहाला मेसमधून परत आलेले पाच जण माझ्या खोलीत हजर. "काकांना एक फोन लाव ना यार, लगेच सुटेल!"

तर आधी हा गैरसमज दूर करतो. माझे बाबा कस्टममध्ये नाहीत. ते काउंटरच्या अलीकडच्या बाजूला उभे राहतात. गेली पंचवीसेक वर्षं रोज सकाळी भाईंदरहून चर्चगेट लोकल पकडायची, फोर्टातल्या एका कस्टम ब्रोकरच्या ऑफिसात जायचं आणि तिथून जिथे फाइल नेईल तिकडे. म्हणजे बॅलार्ड इस्टेटचं न्यू कस्टम हाउस, सहारचं एअर कार्गो, नाही तर न्हावा शेवा. पूर्वी न्हावा शेव्याला जायला ते भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडायचे. पावसाळ्यात खराब हवेमुळे लाँच बंद पडली, की मग पनवेलमार्गे चार तासांचा द्राविडी प्राणायाम. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू आणि उरणची लोकल एकदमच सुरू झाली, तेव्हा आम्हाला वाटलं बाबांचे दिवस सुधारले. बाबा म्हणाले, "रस्ता झाला खरा, पण आता तिकडे जायचं कामच कुठे उरलंय!"

त्या वाक्यात या लेखाचा अर्धा विषय आहे. ते काम कुठे गेलं आणि त्याच्या जागी काय आलं, हे मी त्या पार्सलच्या निमित्ताने बाबांकडून पहिल्यांदा नीट समजून घेतलं. दोन रात्री फोनवर. तेच इथे लिहितोय.

आधी दोन माणसांतला फरक, कारण आपल्याकडे (आणि मीही परवापरवापर्यंत) दोघांना एकच समजतो. समजा, भाईंदर पूर्वेच्या एखाद्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात स्टीलची भांडी बनतात. आमच्याकडे अशी गाळ्यांची रांगच रांग आहे, बफिंगच्या काळ्या धुळीने माखलेली. ती भांडी दुबईला पाठवायची. कारखानदाराकडे माल आहे पण अख्खा कंटेनर भरेल एवढा नाही. मग त्याच्यासारख्या आणखी चार जणांचा माल एका कंटेनरमध्ये घालून, जहाजावर जागा घेऊन, तिकडे पोचवण्याची व्यवस्था करणारा तो फ्रेट फॉरवर्डर. जहाज त्याचं नसतं, ट्रक त्याचा असेलच असं नाही. आपल्या भाषेत, तो बस भाड्याने घेऊन ट्रिप काढणारा मुलगा. मालवाल्याला तो स्वतःच्या नावाची पावती देतो, तिला हाऊस बिल ऑफ लेडिंग म्हणतात. जहाज कंपनी फॉरवर्डरला देते ते मास्टर बिल.

कस्टम ब्रोकरचं काम वेगळं. माल देशाबाहेर जाताना शिपिंग बिल आणि आत येताना बिल ऑफ एन्ट्री भरावं लागतं. वस्तूचं वर्णन, किंमत, आणि सगळ्यात महत्त्वाचा तो आठ आकडी कोड. स्टीलची घरगुती भांडी ७३२३ मध्ये, त्यातली स्टेनलेस स्टीलची ७३२३ ९३ मध्ये. कोड चुकला की ड्यूटी चुकली, परतावा चुकला, कधी कधी परवानगीचा कागदच वेगळा लागतो. आयातदाराने किंवा निर्यातदाराने हे स्वतः केलं तरी कायद्याला चालतं. पण दुसऱ्याच्या वतीने धंदा म्हणून करायचं असेल तर सीमाशुल्क कायदा १९६२ चं कलम १४६ आडवं येतं, लायसन्स पाहिजे. फॉरवर्डरला मात्र असं लायसन्स देणारा वेगळा कायदा नाही. ट्रक, रेल्वे, जहाज असा जोडप्रवास एकाच कागदावर घ्यायचा असेल तर १९९३ च्या मल्टिमोडल कायद्याखाली डीजी शिपिंगकडे नोंदणी करावी लागते, एवढंच. बऱ्याच कंपन्या दोन्ही धंदे एकाच पाटीखाली करतात, म्हणून आपला गोंधळ होतो.

ब्रोकरकडच्या माणसांतही आपल्या एफ.ई., एस.ई. सारख्या पायऱ्या आहेत. नवा पोरगा एच-कार्डवाला, म्हणजे परीक्षा न दिलेला मदतनीस. परीक्षा पास झाला की जी-कार्ड. आणि सरकारी अकादमी, जिला नासिन म्हणतात, तिची मोठी लेखी व तोंडी परीक्षा जो पास होतो तो एफ-कार्डवाला, त्याच्याच जोरावर लायसन्स उभं राहतं. बाबा जी-कार्डवाले आहेत. एफ-कार्डची परीक्षा त्यांनी दोनदा दिली. त्याबद्दल ते जास्त बोलत नाहीत, मीही विचारत नाही. माझ्या एम-३ च्या केट्या त्यांनी तरी कुठे विचारल्या!

जी-कार्डची एक गंमत लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. ते कार्ड माणसाच्या नावाचं असलं तरी ज्या ब्रोकरकडे नोकरी त्याच्याशी बांधलेलं असतं. नोकरी सुटली की कार्ड जमा.

आता नियमांकडे येतो. बाबा या धंद्यात आले तेव्हा १९८४ चे नियम चालू होते आणि मालकाला 'कस्टम हाउस एजंट' म्हणत. २००४ मध्ये नवे नियम आले. २०१३ मध्ये नावच बदललं, एजंटचा 'ब्रोकर' झाला. ऑफिसातली सगळी लेटरहेडं वाया गेली, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी आठवीपर्यंत गणितं सोडवली आहेत. सध्या चालू आहेत ते १४ मे २०१८ चे नियम. त्यात पाच लाखांची अनामत आहे, पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, आणि दहाव्या कलमात ब्रोकरने काय काय करायचं याची लांबलचक यादी आहे. लायसन्स पूर्वी ठराविक मुदतीचं असे, नूतनीकरणासाठी फाइल फिरे. जुलै २०२१ मध्ये ते बंद झालं, लायसन्स आता कायमचं. फक्त वर्षभराहून जास्त काळ काहीच काम केलं नाही तर ते निष्क्रिय ठरवता येतं.

ऐकायला सगळं सोपं होत गेल्यासारखं वाटतं ना? कामाच्या बाबतीत झालंच. बाबांच्या सुरुवातीच्या काळात एक बिल ऑफ एन्ट्री म्हणजे कागदांचा गठ्ठा हातात घेऊन टेबलाटेबलावर फिरणं. अप्रेझरला माल समजावून सांगायचा, कॅटलॉग दाखवायचा, पुढच्या टेबलावर पुन्हा पहिल्यापासून. बाबांची खरी विद्या ती होती. कोणत्या साहेबाला पंपाचं चित्र काढून दाखवलं की पटतं आणि कोणाला जुन्या बिलाचा दाखला लागतो, हे त्यांना पाठ. मग कॉम्प्युटर आला. २००५ पासून जोखीम बघून निवड करणारी प्रणाली आली, म्हणजे सगळ्यांचा माल उघडायचा नाही, कॉम्प्युटर सांगेल त्याचाच. २०१६ मध्ये अन्न, औषध, वनस्पती वगैरे खात्यांच्या परवानग्यांसाठी एक खिडकी झाली. २०१८ पासून आयातीचे कागद स्कॅन करून ई-संचितवर चढवायचे. कारखान्यात कंटेनर भरताना पूर्वी सील मारायला अधिकारी यायचा, २०१७ पासून निर्यातदार स्वतः इलेक्ट्रॉनिक सील लावू शकतो.

आणि मग २०२० चं फेसलेस असेसमेंट. ८ जूनला बंगळूर आणि चेन्नईपासून सुरुवात, ३१ ऑक्टोबरपर्यंत देशभर. म्हणजे काय, तर न्हावा शेव्याला उतरलेल्या मालाचं बिल तपासणारा अधिकारी दुसऱ्याच कुठल्या तरी शहरात बसलेला असू शकतो. तो शंका स्क्रीनवर विचारतो, तुम्ही उत्तर स्क्रीनवर द्यायचं. त्याचं तोंड तुम्हाला दिसत नाही, तुमचं त्याला नाही. यातला हेतू मला पटतो. ओळखीवर काम होणं थांबावं, एका मालाला सगळीकडे एकच कोड लागावा. पण बाबांसारख्या माणसाची पंचवीस वर्षांची बोलण्याची विद्या तिथे एका चौकोनात टाइप करावी लागते. बाबांचं इंग्रजी आपल्या वायवासारखं आहे, समोर बसलं की जमतं, लिहायला सांगितलं की घाम!

आता दुसरी बाजू, जी बाहेरच्यांना दिसत नाही. टेबलं कमी झाली तसतशी त्या टेबलांची जबाबदारी अलीकडच्या बाजूला सरकली. २०११ मध्ये स्वयं-निर्धारण आलं, म्हणजे ड्यूटी किती हे आधी आयातदारानेच ठरवून भरायचं. समजा, विद्यापीठाने सांगितलं की पेपर तुम्हीच तपासा, मार्क तुम्हीच भरा, आम्ही अधूनमधून एखादा गठ्ठा उघडून बघू. दोन मिनिटं आनंद होईल. मग लक्षात येईल की तीन वर्षांनी गठ्ठा उघडला आणि मार्क चुकीचे निघाले तर 'सरांनी दिले होते' असं म्हणायची सोय गेली!

वेळेचंही तसंच. २०१७ मध्ये नियम झाला की माल आल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत बिल ऑफ एन्ट्री भरा. २०२१ च्या वित्त कायद्याने ते आणखी मागे ओढलं, माल येण्याच्या आदल्या दिवशीच भरा. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज पाच हजार, पुढे रोज दहा हजार. जहाज लवकर आलं, रविवार होता, पक्षकाराने इनव्हॉइस उशिरा पाठवलं, ही कारणं मांडून माफी मागता येते. पण तोवर पक्षकार ब्रोकरलाच फैलावर घेतो.

२१ सप्टेंबर २०२० पासून आणखी एक नियम लागू झाला. ज्या देशांशी आपला मुक्त व्यापाराचा करार आहे तिथून माल आणला की ड्यूटीत सूट मिळते. पूर्वी त्या देशाचं मूळस्थानाचं प्रमाणपत्र जोडलं की झालं. आता ती वस्तू खरोखर तिथे बनली का, किती टक्के मूल्य तिथे पडलं, याची माहिती आयातदाराकडे असली पाहिजे आणि विचारल्यावर देता आली पाहिजे. भांडीवाल्याला विचारा की तुझ्या कॉइलमधलं निकेल कुठून आलं! तो ब्रोकरकडे बघतो, ब्रोकर बाबांकडे.

फॉरवर्डरांचंही काही वेगळं नाही. २०१८ मध्ये समुद्री मालाच्या यादीचे नवे नियम जाहीर झाले. ज्याने हाऊस बिल काढलं त्याने कस्टमकडे स्वतःची नोंदणी करायची, बाँड द्यायचा आणि आपल्या मालाचा तपशील आपल्या नावाने आगाऊ कळवायचा. म्हणजे बसमधल्या प्रत्येक प्रवाशाचं नाव-गाव ट्रिपवाल्या मुलाने निघण्याआधी द्यायचं. अंमलबजावणीची तारीख इतक्या वेळा पुढे गेली की आमच्या सबमिशनच्या तारखाही लाजतील. जीएसटीचा झटका वेगळाच. निर्यातीच्या जहाजभाड्यावरची सूट ३० सप्टेंबर २०२२ ला संपली. परतावा मिळतो, पण आधी खिशातून पैसे जातात, आणि गाळेवाल्या निर्यातदाराच्या खिशात तेवढेच तर नसतात. २०२५ मध्ये संसदेने १८५६ चा बिल्स ऑफ लेडिंगचा आणि १९२५ चा समुद्री मालवाहतुकीचा असे दोन जुने कायदे बदलून नवे केले. १८५६! म्हणजे बोरीबंदर-ठाणे रेल्वे सुरू होऊन तीन वर्षं झाली होती तेव्हाचा कायदा परवापर्यंत चालू होता.

इथे थोडं विषयांतर करतो. आमच्या मजल्यावर एक काका राहायचे, ते दहिसर नाक्यावर जकात एजंट होते. मीरा-भाईंदरच्या लोकांना तो नाका वेगळा सांगायला नको. मुंबईत शिरणाऱ्या ट्रकांची रांग कधी कधी काशीमिऱ्याच्या बाजूने दिसायची, आणि ते काका व त्यांच्यासारखे लोक ड्रायव्हरांचे फॉर्म भरून द्यायचे. मुंबई महापालिकेला या जकातीतून वर्षाला सात हजार कोटींच्या आसपास मिळायचे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मध्यरात्री नाका बंद. काकांचा धंदा दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हता. मालवाले खूश, ड्रायव्हर खूश, आम्ही मीरा रोडवालेसुद्धा खूश, कारण हायवे मोकळा झाला. काकांनी पुढे झेरॉक्सचं दुकान टाकलं. त्या आठवड्यात बाबा जेवताना म्हणाले होते, "आपलाही नाका एक दिवस असाच उठणार."

पण बाबांचा नाका उठला नाही. झालं वेगळंच, आणि मला सांगायचं होतं ते हेच.

२०१८ च्या नियमांतल्या दहाव्या कलमात एक पोटकलम आहे, १०(एन). ब्रोकरने आपल्या पक्षकाराचा आयात-निर्यात कोड, जीएसटी क्रमांक, त्याची ओळख, आणि तो दिलेल्या पत्त्यावर खरोखर काम करतो का, हे विश्वासार्ह आणि स्वतंत्र कागदपत्रं किंवा माहितीच्या आधारे पडताळायचं. वाचायला दोन ओळी. पण जीएसटी आल्यावर निर्यातीवरचा कर परत घेण्यासाठी खोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. कागदावर माल, कागदावर कर, परतावा मात्र खरा. २०१९ पासून खात्याने 'धोकादायक निर्यातदारां'च्या याद्या काढायला सुरुवात केली, पत्त्यांवर माणसं पाठवली, आणि पत्त्यावर कोणी सापडलं नाही की त्या निर्यातदाराची बिलं भरणाऱ्या ब्रोकरकडे मोर्चा वळला. निर्यातदार गायब असतो. ब्रोकरचं ऑफिस, पाटी, लायसन्स जागेवर असतं.

२०१९ मध्ये बाबांच्या शेठकडे एक नवा पक्षकार आला. कोड होता, जीएसटी होता, पॅन, भाडेकरार, लाइट बिल, सगळं. पत्ता भाईंदर पूर्वेचा, एका इस्टेटमधला गाळा. शेठ बाबांना म्हणाले, "तुमच्याच गावात आहे, जाता-येता बघून या." बाबा 'हो' म्हणाले. त्या आठवड्यात रोज घरी यायला साडेनऊ होत होते, रविवारी कोणाचं तरी लग्न होतं, पुढच्या रविवारी आणखी काही. कागद तर सगळे सरकारी होते. बाबांनी पडताळणीच्या फॉर्मवर सही केली. पाच शिपिंग बिलं गेली आणि मग तो पक्षकार यायचाच बंद झाला.

२०२१ च्या सुरुवातीला लायसन्स निलंबित झाल्याचं पत्र आलं. नियम असा आहे की निलंबनानंतर पंधरा दिवसांत म्हणणं मांडायची संधी मिळते. ती मिळाली, निलंबन कायम राहिलं. पुढे नोटिशीला नव्वद दिवस, चौकशी अहवालाला नव्वद, अंतिम आदेशाला नव्वद. हे आकडे बेरजेला सोपे आहेत, मी तेव्हा अकरावीत होतो, केली होती. दोनशे सत्तर दिवस. लायसन्स निलंबित म्हणजे एकही बिल भरता येत नाही. ऑफिसात नऊ माणसं. शेठनी चार महिने अर्धा पगार दिला, मग तोही जमेना. बाबांनी दुसरीकडे जायचं म्हटलं तर जी-कार्ड इथे बांधलेलं, आणि 'त्या' ऑफिसातून आलेला माणूस घ्यायला कोणी उत्सुक नव्हतं. त्या वर्षी आईने शिकवण्या सुरू केल्या आणि बाबा एका गोडाऊनमध्ये स्टॉक लिहायला जायचे. माझा कोटाचा क्लास रद्द झाला (त्याचं मला फारसं दुःख झालं नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो).

कायदा यावर काय म्हणतो? दोन्ही बाजूंनी बोलतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मुंबईच्याच एका एजंटाच्या प्रकरणात परवाना रद्द करणं योग्य ठरवलं. या माणसावर आयातदारही विश्वास टाकतो आणि सरकारही, तेव्हा त्याने जपून वागलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. उलट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं की हा एजंट म्हणजे व्यवहाराच्या खरेपणाची तपासणी करणारा इन्स्पेक्टर नव्हे, तो कागदांवर प्रक्रिया करणारा आहे. पुढे अपील न्यायाधिकरणाच्या दिल्ली पीठानेही १०(एन) बद्दल म्हटलं की ब्रोकरने प्रत्यक्ष पत्त्यावर जाऊन बघितलंच पाहिजे असं नियमात लिहिलेलं नाही. कोड आणि जीएसटी क्रमांक सरकारी अधिकाऱ्यांनीच दिलेले असतात. ते खरे आहेत असं धरून चालायचा ब्रोकरला अधिकार आहे, आणि चुकीच्या माणसाला क्रमांक दिला गेला असेल तर तो दोष ब्रोकरचा नाही.

शेठच्या अपिलातही साधारण हाच मुद्दा चालला. २०२२ मध्ये लायसन्स परत मिळालं. नऊपैकी पाच माणसं परत आली, बाबा त्यातले एक. कायद्याच्या दृष्टीने बाबांचं काही चुकलं नव्हतं.

पण निकाल आला त्या संध्याकाळी पेढे वाटून झाल्यावर बाबा मला म्हणाले, "चल, जरा फिरून येऊ." आम्ही रिक्षाने त्या इस्टेटला गेलो. आमच्या घरापासून बारा मिनिटं. गाळ्यात बफिंग चालू होतं, मालक दुसराच कोणी. बाबांनी कंपनीचं नाव सांगून विचारलं. तो म्हणाला, "इथे तर दहा वर्षं आम्हीच आहोत. मागे एक जण दारावर बोर्ड लावून फोटो काढून गेला होता, महिन्याचे पाचशे द्यायचा, टपाल आलं तर ठेवायला." त्याला त्यात काही गैर वाटलेलं नव्हतं. बाबा थोडा वेळ तिथे उभे राहिले. मग आम्ही चालतच परत आलो, रिक्षा केली नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मला दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या पटतात. बारा मिनिटांवर राहणारा माणूस जाऊन बघू शकतो, पण लुधियानाच्या निर्यातदाराचं बिल भरणारा मुंबईचा ब्रोकर काय करणार? एका बिलामागे ब्रोकरला मिळतात किती आणि त्यात तो प्रवास कुठे बसतो? ज्याने नोंदणी क्रमांक दिला त्याने बघायचं, की ज्याने तो वापरला त्याने? सिस्टीम डिझाइनच्या तासाला सर सांगतात की तपासणी शक्यतो जिथे डेटा आत येतो तिथेच करा. इथे डेटा नोंदणी देणाऱ्या खात्याच्या खिडकीतून आत येतो आणि तपासणी तीन खिडक्या पुढे उभ्या असलेल्या खाजगी माणसाकडे आहे. खात्याची अडचणही खरी आहे. पैसे तर गेलेले असतात आणि हाताशी सापडणारा तोच एक. २०२५ च्या वित्त कायद्याने माल सुटल्यावर आपली चूक स्वतःहून सुधारायची सोय दिली, ती चांगली गोष्ट आहे. पण ती बिलातल्या चुकीला. गाळ्यावरच्या बोर्डाला तिचा उपयोग नाही.

बाबा आता साठीकडे आलेत. नव्या पोरांना ई-संचितवर कागद चढवायला त्यांच्यापेक्षा निम्मा वेळ लागतो. पण नवा पक्षकार आला आणि पत्ता वसई ते बोरिवलीच्या मधला असला की पडताळणी बाबांकडे. रविवारी सकाळी जातात, शेजारच्या गाळ्यात चहा मागतात, विचारतात, दारावरच्या बोर्डाचा आणि आतल्या मशीनचा असे दोन फोटो काढतात आणि फाइलला लावतात. बोर्डाचा एकटा फोटो चालत नाही, असं त्यांनीच ऑफिसात ठरवून टाकलंय.

हां, आमच्या पार्सलचं राहिलंच. बाबांना फोन लावला, स्पीकरवर, पाचही जण कान देऊन. बाबांनी आधी विचारलं, "वस्तूवर नेमकं काय लिहिलंय ते वाच." वाचलं. मग म्हणाले, "वाय-फाय असलेल्या वस्तूला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते. तुमच्या त्या विक्रेत्याने घेतली आहे का? नसेल तर अडीच हजाराच्या मालासाठी तुम्ही ती काढणार का? आणि इनव्हॉइसवर त्याने काय लिहून पाठवलंय? 'खेळण्याचे भाग'? मग तर विसराच. वर्णन खोटं आहे, सोडवायला जाऊ नका." त्याने खरंच तसं लिहिलं होतं, आम्हाला ते माहीतही नव्हतं.

"काका, पण ओळखीने काही…" आमच्यातला एक जण म्हणालाच.

"बाळा, आता ज्याच्याकडे ओळख काढायची तो साहेब कोणत्या गावी बसलाय तेच आम्हाला कळत नाही," बाबा म्हणाले, आणि वर विचारलं, "जेवलात का सगळे?"

मॉड्यूल शेवटी लॅमिंग्टन रोडवरून आणले. मान्यतेचा क्रमांक डब्यावर छापलेला होता, शंभर रुपये जास्त पडले.